लाईन गेली, घरचा फोनही गेला: फायबरवाला लँडलाइन आणि १०८

ज्यांना एपिसोड ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना पन्नास वेळा येणारं 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' उडवलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी टीव्हीशेजारी ठेवलेला आहे. फायबरचं कनेक्शन घेतलं की सोबत फुकट मिळतो तो लँडलाइन. नंबर जुन्यासारखा, रिसीव्हर जुन्यासारखा, डायल टोनही जुन्यासारखा. त्यामुळे आपण धरून चालतो की तो वागेलही जुन्यासारखा. मीही तेच धरून चाललो होतो. बीटेक केलंय, रोज सर्व्हर का पडला ते शोधण्याचा पगार घेतो, आणि स्वतःच्या घरातला फोन कुठे पडू शकतो याचा विचार केला नव्हता.

आमचं गाव वर्धा तालुक्यात, सेवाग्रामच्या पलीकडे. मी नोकरीला बंगळुरूत. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात संध्याकाळी गावाकडे वावटळ आली, मागोमाग पाऊस, आणि लाईन गेली. (आमच्याकडे 'लाईट' जात नाही, 'लाईन' जाते. त्या दिवशी दोन्ही लाइनी गेल्या.) बाबा लग्नाला आर्वीला गेलेले. घरी आई आणि आजी. आजीला दमा आहे, वावटळीची धूळ घरात शिरली आणि तिचा श्वास अडकायला लागला. आईने सवयीने टेबलावरचा फोन उचलला. मेलेला. मोबाइलवर १०८ लावला, लागेना. घरात आमच्याकडे रेंज तशीही मिळत नाही, एरवी वायफाय कॉलिंगवर भागतं, पण राउटरच बंद. शेवटी भर पावसात अंगणात जाऊन तिने मला लावला, कारण शेवटचा डायल केलेला नंबर माझाच होता.

"अरे, आजीले लय दम लागून राहिला. बोलता येत नाही तिले. टेबलावरचा फोन मेला पडला आहे, एकशे आठ लागून नाही राहिला." एवढं बोलली आणि फोन कटला.

मी बंगळुरूत बसून १०८ लावला. लगेच लागला! पण लागला तो तिथल्या केंद्रात. त्या ताईंची काही चूक नव्हती, त्यांच्या समोरच्या नकाशावर वर्धा जिल्हाच नव्हता. मग वर्ध्यातल्या चुलतभावाला फोन, त्याने गावातल्या एकाला, त्याने शेजारच्या बोलेरोवाल्याला उठवलं, आणि आजी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पोचली. आजी आता ठणठणीत आहे. पण आईने रिसीव्हर उचलल्यापासून गाडी दारात येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. त्यातली निदान वीस वाचली असती, आणि तीही फार खर्च न करता. ती कशी, तेच आज सांगायचंय.

आधी जुना फोन लाईन गेल्यावरही का चालायचा ते समजून घेऊ.

जुना तांब्याच्या तारेचा फोन घरातल्या विजेवर चालतच नव्हता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मोठमोठ्या बॅटऱ्यांची खोली असायची, पाठीशी जनरेटर. तिथून ४८ व्होल्टचा डीसी पुरवठा त्याच दोन तारांवरून थेट तुमच्या घरापर्यंत यायचा. आवाजही त्याच तारेवर आणि वीजही त्याच तारेवर. म्हणून अख्खं गाव अंधारात असलं तरी फोन वाजायचा.

फायबर म्हणजे काच. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे तुमच्या घरातला तो पांढरा डबा, ज्याला कंपनीवाले ओएनटी म्हणतात आणि आपण सगळे राउटर म्हणतो, त्याला तुमच्याच घरची वीज लागते. तुम्ही नंबर फिरवला की तो डबा तुमच्या आवाजाचे डेटाचे तुकडे करतो आणि इंटरनेटसारखेच कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. डबा बंद, तर फोन बंद. बाबांना समजावताना मी म्हटलं, जुना फोन म्हणजे उंच टाकीचं पाणी, नळ सोडला की आपोआप येतं. नवा फोन म्हणजे बोअरचं पाणी, मोटर चालली तरच. बाबा म्हणाले, "मंग मोटरीले बॅटरी लावून दे ना बाप्पा." इंजिनियर मी आहे, पण उपाय त्यांनी आधी सांगितला.

तर बॅटरी. बाजारात राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, साधारण बाराशे ते दोन हजार रुपयांत. वहीएवढा आकार. भिंतीतल्या सॉकेटमधून यूपीएसमध्ये, यूपीएसमधून डब्यात. घेताना दोन गोष्टी बघा. डब्याच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, बहुतेक वेळा १२ व्होल्ट आणि एक ते दोन अँपिअर. यूपीएसचे व्होल्ट नेमके तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. नऊ व्होल्टच्या डब्याला १२ व्होल्ट दिलेत तर डबा जाईल.

दुसरी गोष्ट म्हणजे खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. '८००० एमएएच' लिहिलेलं असतं, पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप असतं. आठ गुणिले ३.७, म्हणजे साधारण ३० वॉट-तास. व्होल्टेज वाढवताना थोडं वाया जातं, हातात राहतात पंचवीस. डबा आठेक वॉट खात असेल तर तीन तास. बस. वादळानंतर आमच्याकडे लाईन रात्रभरही येत नाही, त्यामुळे तीन तास कमी वाटतील. त्यावर आईनेच युक्ती काढली. लाईन गेली की ती यूपीएसचं बटण बंद करून ठेवते आणि गरज पडली तरच चालू करते. डबा सुरू होऊन डायल टोन यायला दोन-तीन मिनिटं लागतात, पण बॅटरी पहाटेपर्यंत हाताशी राहते. आजीसारखं कोणी घरात आजारी असेल तर मात्र पहिले तीन तास चालूच ठेवा.

त्याहून स्वस्तात करायचं असेल तर पॉवर बँकेच्या यूएसबीतून १२ व्होल्ट काढणारी केबल मिळते, दोन-तीनशे रुपयांत. चालते. मी स्वतः वापरून पाहिली, पण काही पॉवर बँका तेवढा लोड ओढत नाहीत आणि डबा सारखा रीस्टार्ट होत राहतो. आधी दिवसा तपासा.

आता एक गंमत सांगतो, जी मला यूपीएस लावल्यानंतर कळली. आमच्याकडे कॉर्डलेस फोन होता. डबा चालू, इंटरनेट चालू, फोन तरी मेलेला! कारण कॉर्डलेसच्या बेसला स्वतःचं वेगळं ॲडॉप्टर असतं, ते भिंतीतल्याच सॉकेटला. साधा वायरवाला फोन मात्र डब्याच्या फोन-पोर्टमधूनच लागेल तेवढी वीज घेतो. पाच-सातशे रुपयांचा साधा फोन आणला, कॉर्डलेस आत्याला देऊन टाकला.

एवढं करूनही एक दुवा तुमच्या हातात नाही, तो म्हणजे तुमच्या घरापासून कंपनीपर्यंतचा रस्ता. चांगल्या फायबर जाळ्यात मधल्या खांबावर विजेचं काही नसतं. प्रकाश वाटून देणारा एक छोटा तुकडा असतो, त्याला वीज लागत नाही. पण गावोगावच्या केबलवाल्यांनी पैसे वाचवायला कुठे कुठे विजेवर चालणारे स्विच लावलेले असतात, कधी एखाद्या किराणा दुकानाच्या वर. त्या दुकानाची लाईन गेली की तुमचा यूपीएस शोभेला. म्हणून केबलवाल्याला एकच प्रश्न विचारा: "भाऊ, लाईन गेल्यावर तुमच्याकडचं किती वेळ चालते?" उत्तरावर विश्वास ठेवू नका. एखाद्या दिवशी गावची लाईन गेली की लगेच घरच्या फोनवरून स्वतःच्या मोबाइलला कॉल लावून बघा. चाचणीसाठी १०८ किंवा ११२ लावू नका. पलीकडे खरा माणूस बसलेला असतो आणि त्याच्या रांगेत खरी आजी असते.

विजेचं झालं. आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त खटकते, कारण ती कुठल्याच बॅटरीने सुटत नाही. ती म्हणजे पत्ता.

जुन्या फोनचा नंबर म्हणजे एक ठरावीक तार, आणि तार म्हणजे एक ठरावीक घर. इंटरनेट फोनचा नंबर हा सॉफ्टवेअरमधला एक खातेक्रमांक आहे. काही कंपन्या घरचा नंबर मोबाइल ॲपमध्येही देतात. मग ०७१५२ ने सुरू होणारा वर्ध्याचा नंबर पुण्यातल्या खोलीतूनही बोलू शकतो. नंबर आणि जागा यांची फारकत झाली.

जगाने याची किंमत मोजलेली आहे. २००५ च्या सुरुवातीला अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये घरात शिरलेल्या माणसांनी आईवडिलांवर गोळ्या झाडल्या, मुलीने घरच्या इंटरनेट फोनवरून ९११ लावला, तो लागलाच नाही. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या दूरसंचार आयोगाने अशा कंपन्यांना ९११ ची सोय देणं आणि ग्राहकाचा पत्ता आधीच नोंदवून घेणं बंधनकारक केलं. पण पत्ता नोंदवला तरी तो जुना असू शकतो. २००८ मध्ये कॅनडात कॅल्गरीतल्या एका कुटुंबाने दीड वर्षाच्या बाळासाठी मदत मागितली, आणि ॲम्ब्युलन्स गेली मिसिसॉगाला, त्यांच्या जुन्या पत्त्यावर, दुसऱ्या प्रांतात. बाळ वाचलं नाही. तुमचे दादा-वहिनी तिकडे असतील आणि घर बदललं असेल, तर त्यांना आज एवढाच मेसेज करा: फोनच्या डब्याचा पत्ता बदलला का?

आपल्याकडे? ट्रायने ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटरनेट टेलिफोनीवर शिफारशी दिल्या आणि जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना तशी सेवा द्यायला मोकळीक दिली. त्या शिफारशींत ट्रायचं म्हणणं असं होतं की आणीबाणीच्या नंबरांची सोय द्यायला कंपन्यांना प्रोत्साहन द्या, पण सध्या सक्ती नको. मात्र यात काय होणार नाही ते ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगा. स्पष्ट शब्दांत सांगितलेलं तुम्हाला आठवतंय का? मला नाही आठवत. मीही ॲपमध्ये 'आय ॲग्री' दाबून पुढे गेलेलो असणार.

इथे गोंधळ नको म्हणून सांगतो. फायबरसोबतचा लँडलाइन चालू असेल तर त्यावरून १०८ आणि ११२ लागतात, तो रीतसर फिक्स्ड लाइनच असतो. अडचण निव्वळ ॲपवाल्या कॉलिंगची आहे. आणि व्हॉट्सॲपचं तर त्यांच्या अटींमध्येच लिहिलंय की त्यावरून आणीबाणी सेवांना कॉल करता येत नाही. व्हॉट्सॲपवरून बोलेरोवाल्याला उठवता येईल, ॲम्ब्युलन्स नाही बोलावता येणार.

मग फोन लागल्यावर जागा कोण सांगणार? तुम्ही. तोंडाने. आणि आपल्या जिल्ह्यात हे वाटतं तेवढं सोपं नाही. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, ९३७ ॲम्ब्युलन्सनी सुरू झाली, आणि सगळ्या राज्याचे कॉल घेणारं केंद्र पुण्यात. ११२ चं मुख्य केंद्र नवी मुंबईत, दुसरं नागपूरला. म्हणजे फोन उचलणारा माणूस वर्ध्याचा असेलच असं नाही. आता वर्धा जिल्ह्याचे आठ तालुके बघा. आष्टी आपल्याकडे आहे आणि बीडमध्येही आहे. सेलू आपल्याकडे, आणि सेलू परभणीतही. कारंजा आपलं घाडगे, तर दुसरं वाशीमचं लाड. आठातले तीन तालुकेच असे! जिल्ह्याच्या आतही तेच, सिंदी मेघे वर्धा शहराला चिकटून आहे आणि सिंदी रेल्वे आहे सेलू तालुक्यात. घाबरलेला माणूस फोनवर "सिंदीहून बोलतो" म्हणाला तर गाडी कुठे पाठवायची?

म्हणून आमच्या फोनखाली आता एक पुठ्ठा चिकटवलाय. स्केचपेनने मोठ्या अक्षरांत, आजीला चष्म्याविना दिसेल असा. पहिला शब्द जिल्हा, मग तालुका, मग गाव, पिनकोड, मग रस्त्यावरून वळायची खूण, आणि शेवटी उलट फोन करायला एक मोबाइल नंबर. जिल्हा पहिला, कारण ऐकणाऱ्याला नकाशा आधी उघडायचा असतो. आईने हे दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं. खर्च शून्य, कुलरच्या खोक्याचा पुठ्ठा होता.

पुठ्ठ्यावर खाली काही पूर्ण नंबर आहेत: दवाखान्याच्या कॅज्युअल्टीचा एसटीडी कोडसकट, पोलीस स्टेशनचा, आशाताईंचा, बोलेरोवाल्याचा. हेच माझ्या बंगळुरूच्या फोनमध्येही आहेत. १०८ आणि ११२ हे तुम्ही जिथे उभे आहात तिथल्या केंद्रात लागतात, रुग्ण जिथे आहे तिथल्या नाही. पुण्या-मुंबईतून लावलात तर राज्य तेच, त्यामुळे वर्ध्यासाठी चालून जातं. बंगळुरू, हैदराबाद, दुबईतून नाही. बाहेर राहणाऱ्या पोरापोरींनी हे लक्षात ठेवा, घरच्यांसाठी तुमचा खरा इमर्जन्सी नंबर तो बोलेरोवाला आहे.

राहता राहिला मोबाइल. सगळ्यात स्वस्त उपाय खरं तर हाच आहे, आणि आईचं त्या दिवशी इथेच चुकलं. म्हणजे चुकलं तिचं नाही, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्या स्क्रीनवर 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' असं येत होतं. त्याचा अर्थ तुमच्या कंपनीचा सिग्नल नाही, पण दुसऱ्या कुठल्या तरी टॉवरचा आहे. मोबाइलच्या जागतिक मानकात ११२ हा आणीबाणीचा नंबर म्हणून पक्का बसवलेला आहे. तो लावला की फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही प्रयत्न करतो. १०८ ला प्रत्येक फोन तसा ओळखेलच असं नाही, काही फोन त्याला साधा नंबर समजून गप्प बसतात. म्हणून स्क्रीनवर ते तीन शब्द दिसले की १०८ चा नाद सोडा, ११२ लावा. ११२ ची योजनाच मुळी पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका एका नंबराखाली आणायची आहे. रिचार्ज संपून आउटगोइंग बंद झालेल्या सिमवरूनही तो लागावा अशी तरतूद आहे.

आजीसाठी एक बटणांचा फोन घेतला, हजार-बाराशेचा, आणि त्यात मुद्दाम दुसऱ्या कंपनीचं सिम. गावात एकाचा टॉवर पडला तर दुसऱ्याचा असतो. २०१६ च्या सरकारी नियमांनुसार बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की आणीबाणीचा कॉल लागायला हवा, आणि स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबून. तुमच्या फोनमध्ये ते चालू आहे का ते सेटिंगमध्ये जाऊन बघा, दाबून नाही. रिचार्जचं म्हणाल तर डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलंय. आजीला डेटा कशाला? (तिचं मत वेगळं आहे. कीर्तनं बघायची असतात.)

आणि वायफाय कॉलिंग. आपल्याकडे ते २०१९-२० पासून आलं आणि स्लॅबच्या घरांत रेंज नसलेल्यांची मोठी सोय झाली. पण ते त्याच डब्यावर चालतं, आणि आणीबाणीचा कॉल करताना फोन आधी टॉवरच शोधतो. म्हणून घरात फिरून एकदा रेंज कुठे मिळते ते बघून ठेवा. आमच्याकडे ती जागा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर निघाली, अंगणात भिजायची गरजच नव्हती! बाबांनी त्या पायरीवर गेरूने फुली मारलीय.

मागच्या सुट्टीत गेलो तेव्हा संध्याकाळी सातला लाईन गेली. आईने न सांगता यूपीएस चालू केला, दोन मिनिटं थांबली, टेबलावरून माझ्या खिशातल्या मोबाइलला फोन लावला आणि वाजल्यावर ठेवून दिला. हा एपिसोड आजीलाही ऐकवला. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "कायले सांगत बसला लोकायले माह्या दम्याचं? त्या बोलेरोवाल्याचं नाव घ्यायचं सोडून."

नाव घेत नाही, त्यालाच आवडणार नाही. तुमच्या घरचा डबा लाईन गेल्यावर किती वेळ टिकला, त्याचं व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ते ऐकवतो, आणि इन्व्हर्टरवर राउटर लावलेल्यांचे जे प्रश्न आलेत तेही घेऊ.